चुडाव्याला थांबणारी गाडी

शिवरुद्रानं जिंतूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत कॉम्प्युटर आणला आणि गावानं बघता बघता त्याचा देव करून टाकला. शिवरुद्राचा नव्हे, कॉम्प्युटरचा. लोक चपला बाहेर काढून आत यायचे, टोपी सारखी करायचे आणि मॉनिटरकडे पाहून हात जोडायचे. एका म्हातारीनं तर त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. ते पुसावं की राहू द्यावं, याचा निकाल शिवरुद्राला काही लावता आला नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं आधी शिवरुद्र रेडिओ दुरुस्त करायचा. मग तो औरंगाबादला जाऊन कोर्स करून आला, आणि दारावर पाटी लागली: ‘संगणक कुंडली व गुणमेलन’. मुलाची-मुलीची जन्मतारीख सांगा, वेळ सांगा, गाव सांगा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर रास, नक्षत्र, गुण, सगळं हजर. गावातले जोशीबुवा याच कामाला अख्खी दुपार लावायचे आणि वर चहा प्यायचे. इथं चहाही शिवरुद्रच पाजायचा.

हा प्रोग्रॅम त्यानं विकत आणला नव्हता, स्वतः लिहिला होता. जुनी पंचांगं आणि दोन-तीन जाड पुस्तकं समोर ठेवून, ओळीमागून ओळ. आता स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे पोटचं पोर; पहिल्याच दिवशी सरळ चालेल तर शपथ. कुठंतरी चूक असते आणि ती कुठं आहे हे तो सांगत नाही. नुसतं चुकीचं उत्तर तोंडावर फेकतो आणि गप्प बसतो. म्हणून शिवरुद्रानं त्यात जागोजागी थांबे घातले होते. थांबा आला की मशीन उभं राहायचं, आत्ता आपल्या हातात काय काय आहे ते पडद्यावर मांडायचं आणि विचारायचं, ‘पुढे जाऊ?’ बटण दाबलं की पुढच्या थांब्यापर्यंत जायचं. चूक दोन थांब्यांच्या मध्ये कुठंतरी सापडायचीच. प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक ओळ होती, तिथं एक आकडा बदलला की सगळे थांबे चालू, पुन्हा बदलला की बंद.

या दोन चालींना नावं दिली त्याच्या बायकोनं, महानंदानं. ती चुडाव्याची. तिच्या वडलांचं, बसवराजांचं, चुडाव्याच्या स्टेशनाजवळ किराणा दुकान. तिचं लहानपण गाड्या मोजण्यात गेलेलं. थांबत थांबत चालणारं मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, ही तर आपली पॅसेंजर झाली, आणि गिऱ्हाइकासमोर पळवता ती एक्स्प्रेस. मग घरात तीच भाषा पडली. ‘आज पॅसेंजर लावलीय, जेवायला उशीर होईल,’ असं शिवरुद्र आतून ओरडायचा. कॉम्प्युटरला मात्र ती सवत म्हणायची. सवतीला फडक्यानं पुसायची, सवतीच्या अंगावर उन्ह पडतंय म्हणून पडदा शिवून लावायची आणि वर नवऱ्याला म्हणायची की माझ्यापेक्षा तिलाच जास्त जपता.

असं हसतंखेळतं घर त्या पौषात एकाएकी मुकं झालं.

शिवरुद्राच्या ते लगेच ध्यानात आलं नाही, आणि याचा त्याला नंतर फार राग आला, स्वतःचाच. मशीन कुठं अडलं तर त्याला ताबडतोब कळायचं. बायको अडली ते कळायला आठवडा गेला. तोपर्यंत ती टोमणे मारायची थांबली होती. सवतीचं नाव काढत नव्हती. संध्याकाळी सासऱ्यांच्या फोटोपुढं दिवा लावायचं काम तिचं; ते तिनं काही न बोलता सासूवर सोडून दिलं. आणि सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे सासू खोकली की ती उठून लांब जायची. एरवी भागम्माला, म्हणजे शिवरुद्राच्या आईला, नुसता ठसका लागला तरी पाण्याचा तांब्या घेऊन धावणारी ही सून, आता भिंतीला पाठ लावून परसात उभी राहायची.

सासऱ्यांचा, काशीअप्पांचा, तिच्यावर भारी जीव होता. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला जवळ बसवून पेपर वाचून घ्यायचे. स्वतःला वाचता येत नव्हतं असं नाही. पण ‘नंदा वाचती तवा बातमी खरी वाटती’ असं म्हणायचे. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच ते गेले. जन्मभर ओढलेल्या बिडीनं छाती पोखरली होती, डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात कुणाला आश्चर्य वाटलं नव्हतं, फक्त घर रिकामं झालं होतं.

शिवरुद्रानं विचारलं तर ती काही न्हाई म्हणाली. पुन्हा विचारलं तर डोकं दुखतं म्हणाली. तिसऱ्यांदा तो रागावला, तेव्हा ती त्याच्याकडे न पाहता एवढंच बोलली:

“मामंजी माझ्यामुळं गेले. तुमच्या मशीननं सांगितलं.”

त्याला आधी उमगेचना. मग हळूहळू आठवत गेलं. आठवड्यापूर्वी त्यानं प्रोग्रॅममध्ये एक नवी भर घातली होती. गिऱ्हाइकं नक्षत्रावर थांबत नव्हती. त्यांना पुढचं हवं असायचं, पोरगी सासरला कशी, कुणाला जड. तेव्हा त्यानं जुन्या पुस्तकातून त्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. मग चालतंय का ते बघायला कुणाची तरी माहिती घालायला हवी होती. शिंप्यानं नवा कपडा आधी आपल्याच अंगाला लावून पाहावा, तशी त्यानं बायकोची घातली, कारण ती तोंडपाठ होती. एक्स्प्रेस सोडली. अक्षरं ओळीत येताहेत, काना-मात्रा तुटत नाहीत एवढं पाहिलं, खूश झाला आणि एस.टी.नं येणारं पार्सल सोडवायला स्टँडवर गेला. पडदा तसाच चालू. परत आला तेव्हा टेबलावर चहाचा कप होता, सायीसकट गार झालेला. तो चहा त्यानं तसाच पिऊन टाकला आणि कामाला लागला.

पडद्यावर होतं: ‘कन्येचे नक्षत्र मूळ. सासऱ्यास अनिष्ट.’ ते त्यानंही पाहिलं होतं. पण अक्षरं पाहिली, अर्थ पाहिला नाही.

 तो घाईघाईनं म्हणाला की अगं, ती तर नुसती चाचणी होती, त्याला काही अर्थ नाही, ते सगळं खोटं असतं. महानंदानं मान वर केली.

“मंग लोकायला देताव ते?”

 खोटं म्हणावं तर दुकानाची पाटी खाली उतरवावी लागते. खरं म्हणावं तर बायको सासऱ्याची मारेकरी ठरते. आणि त्याच वेळी त्याला पिंगळीचा आश्रुबा आठवला. मागच्याच बाजारी पोरीचं गुणमेलन करायला आला होता. त्याच्याही पोरीला हीच ओळ निघाली. आश्रुबानं कागद घडी करून खिशात घातला, राम राम केला आणि बारा महिने हातात असणारी छत्री विसरून गेला. ती छत्री अजून कोपऱ्यात होती. शिवरुद्रानं तेव्हा एवढाच विचार केला होता की पुढच्या बाजारी येईल आणि नेईल.

त्या दिवसांत बाजारपेठ थंडच होती. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज येतो की उद्या, असं चाललेलं. चौकात पोलीस बसलेले, दुकानदारांनी शटरं अर्धी खाली ओढलेली. गिऱ्हाईक येण्याची धास्ती नव्हती. दुपारी लाइट होती. शिवरुद्रानं शटर ओढून घेतलं, आतून दुसरी खुर्ची आणली आणि महानंदाला म्हणाला, “ये, बस हितं. आज पॅसेंजर लावतो. तुझ्या देखत.”

ती नको म्हणाली. पुन्हा तेच बघायला लावता का, म्हणाली. त्यानं तिला खरं ते सांगितलं: मूळच निघेल की दुसरं काही, हे त्याला ठाऊक नाही. पण मशीननं तिला जे ऐकवलं ते कुठून काढलं, कसं काढलं, हे तिनं बघितल्याशिवाय मान्य करू नये. कोर्टातसुद्धा आधी पुरावा दाखवतात. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, उठून जायच्या तयारीनं.

भागम्मा मधल्या दारात सूप घेऊन बसली होती, तुरीच्या ओल्या शेंगा सोलत. तिला यातलं काही माहीत नाही, अशी दोघांची समजूत.

शिवरुद्रानं माथ्यावरचा आकडा बदलला आणि गाडी सोडली. त्याला घाम फुटला होता. एवढा घाम त्याला कोर्सच्या परीक्षेतसुद्धा फुटला नव्हता. मूळच निघालं तर काय करायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. मनातल्या मनात तो मशीनला म्हणत होता की बाबा रे, आजपर्यंत तुला फुलासारखं जपलं, आज माझी लाज राख.

पहिला थांबा. ‘नाव: महानंदा. गाव: चुडावा. पुढे जाऊ?’

“बटण तू दाब,” तो म्हणाला. तिनं एका बोटानं, तापलेल्या तव्याला हात लावावा तसं, दाबलं.

दुसरा थांबा. जन्मतारीख आणि वेळ, रात्री दोन. बरोबर का, त्यानं विचारलं. बरोबर, ती म्हणाली. ही तारीख शाळेच्या दाखल्यावर होती, वडलांनी लग्नाच्या वेळी हीच सांगितली होती. तिनं बटण दाबलं.

तिसरा थांबा. हा थांबा अगदीच किरकोळ. एक्स्प्रेस इथं ढुंकूनही बघायची नाही, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या कागदावर तर ही माहिती छापलीच जात नव्हती. ‘जन्म सूर्योदयापूर्वी. वार: रविवार. पुढे जाऊ?’

महानंदाचं बोट बटणावर येऊन थांबलं.

“रविवार कशाचा? मी सोमवारची हाय.”

शिवरुद्र म्हणाला, नीट आठव. आठवायचं काय त्यात, ती म्हणाली. आईनं शंभरदा सांगितलंय. तिची आई, गंगम्मा, सोमवारचा उपास कधी चुकवायची नाही. त्या दिवशी संध्याकाळी उपास सोडला, वरणभात जेवली, निजली आणि मध्यरात्र उलटल्यावर पोटात कळा सुरू झाल्या. महादेवाच्या वारी आली म्हणून तर पोरीचं कौतुक. रविवारी रात्री कशी जन्मेन मी, रविवारी तर आई शेतात होती.

शिवरुद्रानं जुन्या पंचांगांतलं तिच्या जन्मसालाचं पंचांग काढून मांडीवर घेतलं. मग तारखेवर बोट ठेवलं. मग पडद्याकडे पाहिलं. आणि त्याच्या तोंडून नुसताच हुंकार निघाला, कारण चूक सापडली की माणसाला एकदम बोलता येत नाही.

चूक मशीनची नव्हतीच. मशीनची तारीख इंग्रजी, ती मध्यरात्री बदलते. आपल्या लोकांची रात्र मात्र उजाडेपर्यंत आधल्या दिवसाचीच असते. सोमवारी रात्री दोनला पोरगी झाली, की बसवराज सोमवारचीच तारीख सांगणार आणि वेळ सांगणार दोनची. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण मशीननं ती तारीख घेतली आणि त्या तारखेचे रात्रीचे दोन शोधले. ते पडतात सोमवार उजाडायच्या आधी, म्हणजे रविवारच्या रात्रीत. गाडी अख्खा एक दिवस मागं. आणि एका दिवसात चंद्र साधारण एक नक्षत्र ओलांडतो, हे तर शिवरुद्रानंच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं.

त्यानं तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं अर्धं ऐकलं. तिचं लक्ष पडद्याकडे होतं. त्यानं मंगळवारची, म्हणजे इंग्रजी हिशेबानं बरोबर ठरणारी, तारीख घातली आणि पुन्हा पहिल्या थांब्यापासून निघाला. या खेपेला तिनं बटण दाबलं ते जोरात. नाव. तारीख, वेळ. ‘वार: सोमवार.’ तिनं श्वास घेतला. चंद्र कुठं आहे तो आकडा आला. त्याचा अर्थ शिवरुद्राला कळला आणि त्यानं तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. शेवटचं बटण तिनं दाबलं. ‘नक्षत्र: पूर्वाषाढा.’ त्यापुढं काही नाही. कुणाला अनिष्ट नाही, कुणाला जड नाही.

महानंदा रडली. आठवडाभर कोंडलेलं सगळं पदरात तोंड घालून रडली. शिवरुद्र तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आपण किती गाढव आहोत हे तो तिला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि तीही नाही म्हणत नव्हती.

मग तिनं डोळे पुसले आणि पडद्याकडे बघत बसली. त्याला वाटलं, झालं, आता हसेल, सवतीला काहीतरी बोलेल. पण ती हसली नाही.

“मी सुटले,” ती हळू म्हणाली. “पण माझ्या आधल्या राती एखादी पोरगी झालीच असंल की. खरीखुरी मुळातली. तिनं काय केलं होतं? तिनं कुठं जावं? कुठं असंल ती, कशी नांदत असंल?”

 याला थांबा घालायची सोय नव्हती.

“हितं हाय,” मधल्या दारातून आवाज आला. “शेंगा सोलायली.”

दोघांनी वळून पाहिलं. भागम्मानं मान वर केली नव्हती. अंगठ्यानं शेंग फोडून दाणे सुपात टाकणं चालूच होतं.

“माय, काय म्हणायलीस?” शिवरुद्रानं विचारलं.

“मी मुळातली हाय. माझ्या बापानं पत्रिका करणाऱ्या स्वामीच्या पाया पडून पत्रिका बदलून घेतली, तवा लगीन झालं. मायनं निघताना कानात सांगितलं, कुणापाशी बोलू नगं. तुज्या बापाला बी म्हाईत नव्हतं.”

मग ती सांगत गेली, आणि दाणे सुपात पडत गेले. तिचा सासरा दमेकरी. तो खोकला की हिचा जीव अर्धा व्हायचा. रात्री त्याला ढास लागली की ही अंथरुणात उठून बसायची आणि मनातल्या मनात माफी मागायची. त्याच्या ताटाला हात लावायला भ्यायची. सणावाराला त्याच्या पाया पडायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढायची. लोक म्हणायचे, सून आखडू आहे. आणि तो म्हातारा काही मरेना. पार थकून, नातवंडं मांडीवर खेळवून, दात पडल्यावर भाकरी दुधात कुस्करून खाऊन मग गेला.

“गेला तवा मी लय रडले. समदे म्हणले, सुनंची माया बघा. माया कुठली, बाई. सुटले म्हणून रडत होते. चांगला मानूस होता, जवळ बसून दोन घास वाढले असते तर काय बिघडलं असतं. भेण्यातच समदं निघून गेलं.” मग ती सुनेकडे पाहून म्हणाली, “तू दिवा लावायचा सोडलास तवाच मला उमगलं. मी बी असंच करत होते. बोलावं का न्हाई, जीभ उचलंना.”

 शिवरुद्राला आपली आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसली, असं वाटलं. त्याला तिची फार दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. आईला तिच्या मायनं जे कानात सांगितलं, तेच तो आता दारावर पाटी लावून गावभर सांगत होता.

त्यानं मशीनकडे तोंड केलं. त्या ओळी पडद्यावर आणल्या. मूळ, सासऱ्यास. आश्लेषा, सासूस. ज्येष्ठा, थोरल्या दिरास. विशाखा, धाकट्या दिरास. पुस्तकातून उतरवताना हात जराही अडखळला नव्हता. पुसायची कळ कुठली ते त्यानं महानंदाला दाखवलं. तिनं एकेक ओळ पुसली. शेवटच्या ओळीला ती थांबली, उठली, सासूचा हात धरून तिला खुर्चीवर आणून बसवलं आणि तिचं बोट कळीवर ठेवलं. तुरीच्या सालीनं हिरवं झालेलं ते बोट भागम्मानं आधी लुगड्याला पुसलं. मग दाबलं.

गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे शिवरुद्रानं तिथंच ठरवून टाकलं: मशीन एवढंच सांगतं, पुढचं विचारायचं तर पोरीला विचारा. रात्रीच्या जन्माला ‘रात्र कोणत्या वाराची?’ असा प्रश्नही घालायचा होता, तो आज संध्याकाळपर्यंत घालून होणार होता. आणि उद्या पहिल्या गाडीनं पिंगळीला जायचं होतं, आश्रुबाची छत्री घेऊन. त्याची पोरगी खरंच मुळातली की नाही, हे बघायची त्याला आता गरज वाटली नाही.

“पुसलं ते पुसलं का?” भागम्मानं विचारलं. “का लाइट गेल्यावर परत येतंय?”

“न्हाई येत, माय. कायमचं गेलं.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली आणि तिला खोकला आला. बोलता बोलता ठसका लागला असावा, ढास थांबेना. महानंदानं पाण्याचा तांब्या आणला, तिच्या ओठाला लावला आणि पाठीवरून हात फिरवत तिथंच, तिच्या अगदी जवळ, उभी राहिली.